अकरावा ठोकळा

मी लाल ठोकळा बोलतोय. लाकडाचा; इंचभर लांब, इंचभर रुंद, इंचभर उंच. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय. तो कोणाच्या दातांनी उडवला ते मला ठाऊक आहे, पण त्या मुलाचं आता चांगलं चाललंय, तेव्हा जुनं उकरून काढत नाही.

आज सकाळी मी टेबलावरून खाली पडलो. समोर चार मोठी माणसं बसली होती. चौघांनीही मला पडताना पाहिलं आणि चौघांपैकी एकही जण उचलायला उठला नाही. एरवी मला राग आला असता, मी मानी आहे. पण आज मी जमिनीवर पडल्या पडल्या मनात म्हणत होतो, कोणी उठू नका, कृपा करून कोणी उठू नका. असं का, ते समजायला जरा मागे यावं लागेल. मी थोडा बडबड्या आहे, सांभाळून घ्या.

माझा जन्म खुर्चीच्या पायातून झाला. खुर्ची तयार झाली, पाय जरा लांब निघाले, ते कापले आणि उरलेल्या तुकड्यांचे आम्ही दहा भाऊ झालो. पॉलिश पेपरने घासून, लाल रंग देऊन आम्हाला पत्र्याच्या डब्यात भरलं. डब्यात आधीच काही मंडळी होती: एक पितळी घंटी, दोरीला बांधलेली कडी, एक कप आणि एक डोळा निसटलेली कापडी बाहुली. डबा आपल्याच मालकीचा आहे असं घंटीला वाटायचं. आवाज असला की असं होतं.

आम्हाला वाटलं, आपण खेळणी. पहिल्याच दिवशी कळलं की आमचं काम मोजायचं आहे.

डबा ज्यांच्या हाती पडला, त्यांना सगळे ताई म्हणत. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला त्यांची खोली. ठेंगणं टेबल, सतरंजी, भिंतीला आरसा. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली मुलं तिथे तपासणीला यायची. कोणी दोन महिने आधी आलेलं, कोणी तीन. मान धरतं का, नजर फिरते का, हात पुढे येतो का, हे ताई बघायच्या आणि एका मोठ्या कागदावर खुणा करायच्या.

ताईंच्या दोन सवयी तुम्हाला सांगून ठेवतो, पुढे लागतील. एक म्हणजे, त्या मुलाचं वय जन्मतारखेवरून कधी मोजत नसत; ज्या तारखेला ते यायचं होतं, तिथून मोजत. "तीन महिने आधी निघाला म्हणून काय त्याला तीन महिन्यांचा दंड करायचा?" असं त्या आयांना विचारायच्या. दुसरी सवय म्हणजे, मला टेबलावर ठेवलं की ताई स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर बसायच्या. खरंच, हात मांडीखाली घालून. कारण मोठ्या माणसाच्या हाताला धीर नसतो. बाळाची नजर माझ्यावर पडते, खांदा हलतो, बोटं विचार करायला लागतात, आणि तेवढ्यात आईचं बोट मला नखाने पुढे ढकलतं. झालं. बाळ जे स्वतः करणार होतं, ते राहून जातं. ताई म्हणायच्या, "मला ठोकळा द्यायचा नाहीये हो. तो घेतला जातो का, ते बघायचंय."

त्या खोलीत मी नाना तऱ्हेची घरं पाहिली. एका घरातून बाळासोबत सहा माणसं यायची, बाळाचा पाय कधी जमिनीला लागला नव्हता, आणि दीड वर्ष झालं तरी पोरगा रांगत नाही म्हणून सहाही जण हवालदिल. कुठली आई तीन गाड्या बदलून यायची, पुढच्या वेळी रजा मिळायची नाही, की सहा महिने गायब. सारख्याच वजनाची, सारख्याच आठवड्यांची दोन मुलं वर्षभराने शेजारी बसली, तर एक बोलतंय आणि एक बघतच नाही, असंही पाहिलं. काही फरक जन्मल्यावर ठेवतात त्या काचेच्या पेटीतच ठरलेला असतो, काही घरी गेल्यावर पडतो. किती कुठला, ते ताईंनाही सांगता यायचं नाही. त्यांच्या कागदावर आईचं शिक्षण विचारलेलं असायचं, घरात खोल्या किती तेही असायचं. आईला कोण काय बोलतं, हा रकाना मात्र नव्हता. तो असता, तर माझी गोष्ट फार आधी संपली असती.

चिमूट पहिल्यांदा आली तेव्हा यायच्या तारखेवरून चार महिन्यांची होती. नाव आजीने ठेवलेलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्म, वजन नऊशे चाळीस ग्रॅम, काचेच्या पेटीत डोकावून आजी म्हणाली होती, "चिमूटभर तर आहे." पाच आठवडे श्वासाचं मशीन लागलं. डोक्याच्या तपासणीत उजव्या बाजूला थोडा रक्तस्राव झालेला दिसला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: लक्ष ठेवा. कशावर, ते लिहायचं राहिलं.

सोबत आई, बाप आणि बापाची आई. बाप सुतार, फर्निचरच्या कारखान्यात कामाला, कानावर पेन्सिल, बोलणं कमी. आई लाँड्रीत इस्त्री करायची, दिवसभर उभ्याने. आजी शाळेत शिपाई म्हणून निवृत्त झालेली. तीस वर्षं तिने शाळेची घंटा दिली होती, त्यामुळे आमच्या पितळी घंटीचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून पटलं.

ताई कागद भरत होत्या, तेव्हा आजी म्हणाली, "सातव्या महिन्यापर्यंत इस्त्रीपाशी उभी होती ही. मी सांगत होते, बस म्हणून. ऐकलं नाही, आणि पोर आलं लवकर."

सुनेने मान खाली घातली. नवऱ्याने खिडकीकडे बघितलं. ताई तेव्हा चिमूटची मान धरून बघत होत्या, त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. मी ऐकलं. त्या आईच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या ध्यानात आलं की ही मुलीची तपासणी करायला आलेली नाही. हिची स्वतःचीच तपासणी चाललीय.

निघताना तिने विचारलं, "पास झाली का हो ताई?"

"इथे पास-नापास नसतं," ताई हसून म्हणाल्या.

तिचा काडीचाही विश्वास बसला नाही. आजीचाही नाही.

आठव्या महिन्यात ती परत आली. मला टेबलावर ठेवलं. चिमूटने माझ्याकडे बघितलं, आणि काय सांगू, असा झडप घालून मला उचललं की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. उजव्या हाताने. ताईंनी दुसरा ठोकळा पुढे केला. बहुतेक मुलं या वयात दुसरा दुसऱ्या हातात घेतात. चिमूटने मला टाकलं आणि त्याच उजव्या हाताने दुसरा घेतला. ताईंनी परत करून बघितलं. परत तेच. डावा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली, अंगठा मुठीच्या आत.

या वयात मूल एकाच हाताचं होत नाही. एकच हात फार चलाख दिसला, तर दुसऱ्याची चौकशी करायची असते. हे ताईंना माहीत होतं, ठोकळा असून मलासुद्धा माहीत होतं. पण समोर ती आई अशी बसली होती की कोणी मोठ्याने बोललं तरी मोडून पडेल. ताईंनी शब्द मऊ केला.

"डावा हात जरा आळशी वाटतोय," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांनी आणा, बघू."

आळशी. माझ्या मते सगळं इथे बिघडलं. आळशी म्हटलं की लोकांना वाटतं, शिस्त लावली की झालं.

आजी उठता उठता पुटपुटली, "मागच्या बाकावर बसवणार पोरीला. तीस वर्षं बघितलंय मी. एकदा मागे बसवलं की त्या मुलाकडे कोणी बघत नाही."

आणि त्याच गडबडीत सुताराने मला खिशात टाकलं.

हो, मी चोरीला गेलो. शर्टाच्या खिशात पेन्सिलीच्या तुकड्याशेजारी बसून मी हॉस्पिटलच्या बाहेर पडलो. तो माणूस चोर नव्हता हो. त्याला फक्त माझं माप हवं होतं. कारखान्यात त्याने मला पट्टीला लावलं, हातात खेळवलं, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासारखे ठोकळे कापले. चांगले कापले, हे मला मान्य करावंच लागेल. पोर तोंडात घालणार म्हणून रंगाच्या दुकानात दोनदा खात्री करून घेतली. आणि पोरीला टोचू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कडा गोल केल्या.

तिसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "हा टवका उडालेला पोरीला आवडलाय, राहू दे आपल्याकडे. त्यांना नवाकोरा देतो." आणि गोल कडांचा एक ठोकळा हॉस्पिटलच्या नाव नोंदवण्याच्या खिडकीत ठेवून आला. चुकून पिशवीत आला होता, म्हणाला. आपण घेतलं त्यापेक्षा चांगलंच दिलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

दोन महिन्यांनी काही ते गेले नाहीत. लाँड्रीत माणूस कमी होतं, असं फोनवर सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. अभ्यास पुरा झाला नव्हता.

रोज संध्याकाळी कामावरून आली की आई हातपाय धुऊन चिमूटला मांडीवर घ्यायची. समोर स्टूल, स्टुलावर आम्ही, शेजारी वाटी. "टाक, वाटीत टाक." ठोकळे उजवीकडे, वाटीही उजवीकडे. का, तर तिथून जमायचं. जमलं की आई टाळ्या वाजवायची, सुतार कौतुकाने बघत राहायचा, आजी म्हणायची, "हुशार आहे. सगळं येतं हिला." डावा हात मध्ये येऊ नये म्हणून आई तो आपल्या कोपराखाली हलकेच दाबून धरायची.

जिवाचं रान करत होती ती बाई. पाय सुजलेले असायचे, तरी एक दिवस चुकवला नाही. म्हणून तर मला तिचा राग धड करताही येईना. रोज संध्याकाळी ती एका हाताला शिकवत होती आणि दुसऱ्याला विसरायला लावत होती. मी स्टुलावर बसून बघत होतो आणि तोंड नसल्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झालं. हे महिने परत येत नसतात. कोवळ्या डोक्याला वळण याच दिवसांत लागतं, असं ताई प्रत्येक आईला सांगायच्या.

मग दोन हातांत दोन ठोकळे धरायचा धडा आला. आईने युक्ती काढली. चिमूटची डावी मूठ उघडायची, मला आत खोचायचं, मूठ सोडून द्यायची. मूठ आपोआप आवळायची, मी आत. उजव्या हातात दुसरा ठोकळा. बघणाऱ्याला वाटावं, दोन्ही हातांत दोन ठोकळे.

आतून सांगतो, तिने मला धरलेलं नव्हतं. मी अडकलेलो असायचो.

वर्षाची तपासणी आली. सकाळी घरातून निघतानाच आईने मला डाव्या मुठीत बसवलं आणि स्वेटरची बाही पुढे ओढली. अख्खा प्रवास मी त्या गरम, दमट मुठीत काढला. एकदाही एक बोट सैल झालं नाही.

ताईंनी डबा उघडला, दहा ठोकळे टेबलावर पसरले आणि कागद शोधायला मागे वळल्या. तेवढ्यात आईने बाही मागे सारली. ताई वळल्या तर चिमूटच्या डाव्या हातात लाल ठोकळा. "घेतलान वाटतं," ताई म्हणाल्या, आणि उजव्या हातासाठी एक पुढे केला. तो तिने पटकन घेतला. ताईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पेन उचललं गेलं. दोन हात, दोन ठोकळे, खूण. कपात ठोकळा टाकते, खूण. बोट दाखवते, खूण. नावाला वळून बघते, खूण.

"पास?" आईने विचारलं. या वेळी ताईंनी तो शब्द दुरुस्तसुद्धा केला नाही.

"छान करतेय. आता सहा महिन्यांनी आलात तरी चालेल."

सहा महिने. मी त्या मुठीत ओरडत होतो. लाकूड ओरडलं तर ऐकू कोणाला जाणार?

ताई ठोकळे डब्यात भरायला लागल्या. तोंडाने मोजत भरायची त्यांची सवय. आठ, नऊ, दहा. झाकण लावलं. पिशव्या उचलल्या गेल्या, आजीने चपला पायात सरकवल्या. आणि ताईंनी चिमूटला टाटा करायला हात हलवला. चिमूटनेही उजवा हात हलवला. डाव्या मुठीत लाल काहीतरी दिसलं.

ताईंचा हात वरच राहिला.

त्यांनी परत डबा उघडला. परत मोजलं. दहाच्या दहा जागेवर, म्हणजे मुठीतला अकरावा. मग त्या चिमूटपाशी गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दे बघू मला." चिमूटने डाव्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. तिने उजव्या हाताने डब्याकडे बोट दाखवलं. ताईंनी तिची डावी मूठ उघडायला घेतली. करंगळी. मग तिच्या शेजारचं. मग मधलं. अंगठा तर आत असा चिकटला होता की त्याला माझ्या अंगावरून सोडवावा लागला.

मी त्यांच्या तळव्यावर आलो. त्यांनी अंगठा माझ्या टवक्यावरून फिरवला. चार वर्षं रोज साबणाने धुतलं होतं त्यांनी मला, ओळखणार नाहीत तर काय. मग डब्यातला गोल कडांचा ठोकळा काढून माझ्याशेजारी ठेवला.

"हा कोणी केला?"

सुताराचा चेहरा माझ्याहून लाल झाला. "मी," तो म्हणाला. "वाईट केला का?"

"फार सुंदर केलाय," ताई म्हणाल्या. "किती केलेत असे? आणि घरी कुठल्या बाजूला ठेवता?"

आईला आता कळून चुकलं होतं. ती भिंतीला टेकली आणि सगळं सांगायला लागली. स्टूल, वाटी, उजवी बाजू, कोपर, मूठ, आजची बाही. लपवलं काही नाही. शेवटी म्हणाली, "सगळे म्हणतात माझ्यामुळे झालं. मी उभी राहिले म्हणून झालं. निदान हिला सगळं येतं एवढं तरी दिसावं, म्हणून केलं मी. माझं चुकलं ताई."

ताईंनी मला टेबलावर ठेवलं, चिमूटच्या अगदी डावीकडे, आणि चिमूटचा उजवा हात आपल्या हातात घेतला. चिमूटने मान वळवली, मला बघितलं. खांदा हलला. मूठ थोडी पुढे आली, तशीच मिटलेली, आणि मला ढकलून बाजूला गेली. परत आली, परत ढकललं. मग पोर रडायला लागली. रोज टाळ्या मिळायची सवय, आज काय झालं ते तिला कळेना. आई पुढे झाली, ताईंनी नुसती मान हलवली, आणि आई जागीच थांबली.

तेव्हा आजी बोलली. इतक्या हळू, की ही तीच बाई का, असं मला वाटलं.

"न्हाऊ घालते ना मी हिला. तो अंगठा रोज मीच सोडवते. साबण आत जात नाही म्हणून. मला पहिल्यापासून दिसत होतं. म्हटलं, बोललं नाही तर होईल आपोआप बरं. नाहीतर मागच्या बाकावर..."

ताईंनी चिमूटचा हात सोडला आणि तिला आईच्या कडेवर दिलं. "माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "आठव्या महिन्यात मी आळशी म्हटलं. आळशी नाहीये तो. डोक्यात उजवीकडे रक्तस्राव झाला होता, त्यामुळे डाव्या हाताला तिथून निरोप नीट पोचत नाहीये. तुम्ही घाबराल म्हणून मी स्पष्ट बोलले नाही." मग सुनेकडे वळल्या. "आणि तुम्ही उभं राहिलात म्हणून हे झालेलं नाही. पोर लवकर का जन्मतं, ते मोठमोठ्या डॉक्टरांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. आजी, ऐकताय ना?"

आजीने मान डोलावली. तिने सुनेच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. माफी म्हणायची तर तेवढीच, पण मी तिला ओळखत होतो, त्यात पुष्कळ होतं.

"हात उघडेल?" सुताराने विचारलं.

"सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. या वेळी त्यांनी शब्द मऊ केला नाही. "चार महिने गेलेत. पुढचे घालवू नका."

ताईंनी मला चिमूटबरोबर परत घरी पाठवलं, आणि आमच्या घराचं वेळापत्रक त्या दिवसापासून बदललं. आजीने जुन्या लोकरी मोज्याची पिशवी शिवली. रोज तासभर चिमूटचा उजवा हात त्या पिशवीत, म्हणजे डाव्याला काम करण्यावाचून गत्यंतर नाही. तासाची घंटा आजीकडे. वाटीवर चमचा वाजवून म्हणायची, "तास सुरू." आणि चिमूट जो काही गळा काढायची, शेजारपाजारचे विचारायला यायचे. आई डोळे पुसत समोर बसायची. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा पिशवी काढून टाकली. मग ती ताईंसारखी स्वतःच्या तळव्यांवर बसायला शिकली.

सुताराने आम्हा इंचवाल्यांना उचलून फळीवर ठेवलं. ताईंनी त्याला सांगितलं होतं, आधी मोठं, हलकं आणि खरखरीत द्या. त्याने मुठीएवढे मोठे ठोकळे केले, आतून पोखरलेले, वर गोणपाट चिकटवलेलं. ते जमले की थोडे लहान. ते जमले की आणखी लहान. खरं सांगतो, मला असूया वाटायची. एका फळीवर धूळ खात मी दीड वर्ष काढलं, आणि खाली कालचे गोणपाटवाले कोडकौतुक करून घेत होते. पण प्रत्येक नवा ठोकळा माझ्या मापाच्या जवळ येत होता. एके दिवशी माझी पाळी येणार होती, मी त्यावरच जगत होतो.

अंगठा बाहेर यायला पाच महिने लागले. त्या दिवशी आजी न्हाणीघरातून ओली तशीच बाहेर आली आणि सुनेला हाताला धरून आत घेऊन गेली. बोटं पुढे यायला लागली, पकड आली. एक गोष्ट मात्र काही केल्या होईना. डाव्या हाताने धरलेलं सुटायचं नाही. लोकांना वाटतं धरणं अवघड. या हाताला सोडणं अवघड असतं. चिमूट कपावर हात न्यायची आणि मूठ तशीच घट्ट राहायची. मग वैतागून उजव्या हाताने ओढून काढायची. ताई म्हणाल्या, अडीच वर्षांपर्यंत वाट बघू, हे आलं तर पुढचं पुष्कळ येईल, बटण लावता येईल, ताट धरता येईल. नाही आलं तर काय, ते कोणी विचारलं नाही.

आज ती अडीच वर्षं भरली. यायच्या तारखेवरून.

सकाळी सुताराने मला फळीवरून काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि उघड उघड हातात धरून हॉस्पिटलात नेलं. तेच टेबल, तोच कप. चिमूट चालत आली, डावा पाय किंचित ओढत. खुर्चीवर स्वतः चढली. मला तिच्या डावीकडे ठेवलं. ताई तळव्यांवर बसल्या. आई तळव्यांवर बसली. सुतार बसला, आजीसुद्धा बसली.

चिमूटने मला डाव्या हाताने उचललं. वाकडंतिकडं, पण उचललं. कपावर नेलं. आणि हात तिथेच थांबला.

मला तिची पाचही बोटं जाणवत होती. सगळी घट्ट. वेळ जात होता. आजीचे ओठ हलत होते. चिमूटच्या कपाळावर आठी पडली, ती आपल्या हाताकडे अशी बघत होती की तो तिचा नाहीच, शेजारचा कोणी हट्टी पोरगा आहे. मग करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग एकदम सगळी, आणि मी निसटलो, कपाच्या काठावर आपटलो, टेबलावरून गडगडत खाली जमिनीवर.

सुताराचं अंग पुढे झालं. आजीने मांडीखालचा एक हात काढून त्याचा शर्ट पकडला. कोणी उठलं नाही.

चिमूटने खाली बघितलं. मग चौघांकडे एकेक करून बघितलं. कोणी काही करत नाही म्हटल्यावर ती खुर्चीवरून उतरली, उकिडवी बसली. उजवा हात पुढे आला, थांबला, मागे गेला. डावा आला. तिने मला उचललं, खुर्चीवर चढली, हात कपावर नेला, आणि या वेळी फार वेळ लावला नाही.

मी कपात पडलो. टक्क असा आवाज झाला. डब्यातली घंटी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती.

"तास संपला," आजी म्हणाली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. आईने मांडीखालचे हात काढले, पण ते इतके मुंग्या येऊन बधिर झाले होते की तिला टाळीही धड वाजवता येईना.

"पास?" कोणीतरी विचारलं. ती चिमूट होती. घरात ऐकून ऐकून शिकलेली.

ताई हसल्या, आणि मला कपातून काढून तिच्या हातात दिलं. डाव्या हातात. "डब्यात माझे दहा आहेत," त्या म्हणाल्या. "हा अकरावा तुझा."

आता मी खिडकीत बसून हे बोलतोय. चिमूटच्या डाव्या हाताला अजून पुष्कळ शिकायचंय, पाय थोडा ओढतोच, आणि उद्या आजीची वाटी परत वाजणार आहे. तुमच्याही घरात कोणी लवकर आलेलं असेल, उशिरा शिकणारं असेल, तर एवढंच मागतो. त्याची कुठलीही बाजू कोपराखाली दाबून लपवू नका. मी त्याच्यापुढे असलो, तर मला नखाने ढकलू नका. मी पडलो तर पडू द्या. तळव्यांवर बसा आणि थांबा. मला लागत नाही, मी लाकडाचा आहे.

खालून चिमूटची पावलं येतायत, एक नेहमीचं आणि एक ओढतं. बहुतेक मला न्यायला येतेय. धरेल, आणि कंटाळा आला की सोडून देईल.